वाळलंय की सगळं!

शेतात कीटकनाशकाची फवारणी करून तो नुकताच परतला होता. दोन वर्षांची पोर धावत आली आणि त्याच्या गुडघ्यांना घट्ट बिलगली. गाल थेट पँटला.

"अरे, आधी कपडे तरी बदल," मी म्हटलं.

"वाळलंय की सगळं. वास तरी येतोय का?"

एवढं बोलून त्याने तिला उचललं. तिने लगेच अंगठा तोंडात घातला. माझी नजर त्या अंगठ्यावरच खिळली.

वास गेला म्हणजे औषध गेलं असं नाही ना. (आणि आपण त्याला 'औषध' म्हणतो, हीही गंमतच!) ते कपड्यांवर, बुटांवर बसून घरात येतं, फरशीवर उतरतं. फरशीवर लोळतं कोण? वजनाच्या मानाने लेकरं मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतात, मेंदू अजून घडत असतो. युरोपियन युनियनने २०२० मध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक बंद केलं, त्यामागे मुलांच्या मेंदूची काळजी हेही एक कारण होतं.

मास्क, हातमोजे आहेत त्याच्याकडे. स्वतःसाठी. पण आंघोळ करून, ते कपडे वेगळे धुवायला टाकून मगच पोरीला घ्यायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नसेल का?

आणि मी तरी तिथे गप्प का बसलो?