चित्रेच्या खाली साडेतीन मुठी: ओमेगा सेंटॉरी केव्हा आणि कुठून पाहावा

हौशी आकाशनिरीक्षकांमध्ये गोलाकार तारकागुच्छाचा, म्हणजे चेंडूसारख्या दाटलेल्या असंख्य ताऱ्यांच्या समूहाचा, विषय निघाला की शौरी तारकासमूहातील एम १३ चे नाव हमखास पुढे येते. आपल्यापैकी बरेच जण उत्तरेकडील देशांत लिहिलेल्या पुस्तकांवरून आकाश शिकले, त्याचा हा परिणाम असावा. मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने केलेल्या धूसर वस्तूंच्या प्रसिद्ध यादीत ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ नाही, कारण पॅरिसहून तो कधी उगवतच नाही. महाराष्ट्रातून मात्र तो उन्हाळ्याच्या रात्री दक्षिणेला स्वच्छ वर येतो, आणि माझ्या मते आपल्या अक्षांशावरून दिसणाऱ्या गोलाकार तारकागुच्छांत त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती आणि ताऱ्यांचे नकाशे करणाऱ्या बायरने १६०३ साली त्याला ताऱ्यासारखेच ओमेगा हे ग्रीक अक्षर दिले. हा तारा नसून धूसर ठिपका आहे, हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅलेने १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून नोंदवले. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरच्या या गुच्छात अंदाजे एक कोटी तारे आहेत. पूर्वी केव्हातरी आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या बटू दीर्घिकेचा (छोट्या आकाशगंगेचा) हा उरलेला गाभा असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२४ मध्ये त्याच्या केंद्राजवळ विलक्षण वेगाने फिरणारे सात तारे सापडल्याने, तेथे किमान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याच्या शक्यतेलाही बळ मिळाले आहे.

आता वेळेविषयी. या गुच्छाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) सुमारे उणे साडेसत्तेचाळीस अंश, म्हणजे दक्षिणेकडे, असल्याने तो पुण्याहून जास्तीत जास्त २४ अंश, नागपूरहून २१ अंश आणि सिंधुदुर्गातून सुमारे २६ अंश उंचीवर येतो. ही कमाल उंची तो पुण्यात एप्रिलच्या मध्यास रात्री साडेबाराच्या सुमारास, मेच्या मध्यास साडेदहाच्या सुमारास आणि मेअखेरीस साडेनऊच्या सुमारास गाठतो. त्याच्या आधी आणि नंतर दोन-अडीच तास तो पाहण्याजोगा असतो. जूनमध्ये वेळ आणखी सोयीची होते खरी, पण तोवर ढग दाटू लागतात. म्हणून चैत्र आणि वैशाख या महिन्यांच्या अमावास्यांच्या आगेमागे येणाऱ्या रात्री यासाठी राखून ठेवाव्यात.

शोधण्यासाठी मोबाइलवरच्या ॲपचीही गरज नाही. चित्रा नक्षत्राचा ठळक तारा आणि हा गुच्छ यांचे विषुवांश (आकाशातील रेखांश) जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळे चित्रा बरोबर दक्षिणेला येते तेव्हा हा गुच्छ तिच्या सरळ खाली ३६ अंशांवर असतो. हात ताठ पुढे धरून मिटलेल्या मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. अशा साडेतीन मुठी मोजल्या की द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची छोटी दुर्बीण) थोडीशी इकडेतिकडे फिरवताच तो सापडतो. क्षितिज अगदी स्वच्छ असेल तर दुसरी खूणही वापरता येते: मित्रक (बीटा सेंटॉरी) ताऱ्यापासून वर एप्सिलॉन सेंटॉरीपर्यंत रेघ ओढून ती जवळजवळ तितकीच पुढे न्यावी.

जागा निवडताना केवळ अंधार पाहून भागत नाही. अंधार दक्षिणेला हवा. पुण्याहून जुन्नर-माळशेजच्या बाजूला गेल्यास डोक्यावरचे आकाश उत्तम मिळते, परंतु शहराचा उजेड नेमका दक्षिणेकडे राहतो. या एका कामासाठी भोर किंवा पुरंदरच्या बाजूचे, दक्षिण मोकळी असलेले पठार अधिक बरे. कोकणात उंची दोनेक अंशांनी वाढते, पण मे महिन्यातील किनाऱ्यावरची दमट हवा तो फायदा बहुतेक वेळा खाऊन टाकते. २४ अंशांवरील वस्तूचा प्रकाश माथ्यावरील ताऱ्याच्या तुलनेत अडीचपट हवा ओलांडून येतो, त्यामुळे धूळ आणि वणव्यांचा धूर यांचा फटका येथे फार बसतो. संध्याकाळी वळीव कोसळून रात्री आकाश उघडले, तर हीच धूळ खाली बसलेली असते. अशी रात्र मिळाली तर दुसऱ्या दिवशीच्या कामाचा विचार करू नये, असे मी म्हणेन.

गुच्छाची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकट) ३.९ असल्याने अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना तो किंचित फुगलेला, फिकट तारा वाटतो. १०×५० द्विनेत्रीतून तो पूर्ण चंद्राएवढा नसला तरी त्याच्या निम्म्याहून मोठा, मध्याकडे उजळत जाणारा गोळा दिसतो. तारे सुटे होत नाहीत. आठ इंची दुर्बिणीला शंभरेक पट वर्धन लावून नजर किंचित बाजूला ठेवली की आधी कडेचे तारे सुटतात, आणि हवा क्षणभर स्थिर झाली की मधला भागही काळ्या कापडावर रवा सांडल्यासारखा दाणेदार होतो. पुढच्याच क्षणी हवा हलते आणि पुन्हा धुके होते. म्हणून नेत्रिकेला (दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगाला) डोळा लावून निदान दहा मिनिटे तरी उभे राहावे; टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावलेला असावा, आणि बरोबरच्या मंडळींना मोबाइल खिशात ठेवायला आधीच बजावून ठेवावे.

एवढ्यावर दुर्बीण आवरू नये. तेथून साडेचार अंश वर, चित्रेच्याच दिशेने सरकल्यावर सेंटॉरस ए ही दीर्घिका येते. तिची प्रत सातच्या आसपास आहे आणि तिला मधोमध छेदणारा धुळीचा काळा पट्टा आठ इंची दुर्बिणीतून चांगल्या रात्री ओळखता येतो.