गच्चीवरचा रामेन: पाच डावांची नोंद

रामेन म्हणजे रश्श्यातल्या जपानी शेवया. पाचव्या डावात माझा डुकराच्या हाडांचा रस्सा एकदाचा पांढरा झाला. चौथ्या डावापर्यंत मी स्लो कुकरच्या नावाने बोटं मोडत होतो. आता कळतंय की बिचाऱ्याकडून मी भलतंच काम करून घेत होतो.

नव्यांसाठी मांडणी सांगतो. कुकर विजेवर संथ शिजवणारा, साडेतीन लिटरचा, आत चिनी मातीचं भांडं, तळाला २०० वॅट लिहिलंय. चौदा तास चालला तरी तीन युनिटच्या आत. मुक्काम गच्चीवर, जिन्याच्या टपाखाली, कारण आमच्याकडे मटण-मासळी सगळं शिजतं, डुक्कर शिजत नाही. आईशी तह झालाय: पातेलं, चाकू, पाट सगळं वेगळं, आणि हात धुतल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. सोबत एक छोटी सिलिंडरवाली शेगडी. हाडं नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातून आणतो.

पहिला डाव सांगण्यासारखा नाही. मांडीची हाडं कच्चीच कुकरात टाकली, पाणी ओतलं, ‘लो’वर रात्रभर ठेवलं. सकाळी करड्या रंगाचं पाणी आणि वास असा, की खालच्या मजल्यावरचे काका चौकशीला वर आले. हाडांतलं रक्त आणि गाळ सगळा त्यातच. कुकरात खळखळून उकळी येत नाही, त्यामुळे फेस वर जमत नाही आणि काढताही येत नाही. तेव्हापासून हाडं आधी गार पाण्यात घालून शेगडीवर उकळी आणतो, दहा मिनिटं ठेवतो, ते पाणी फेकतो आणि एकेक हाड जुन्या टूथब्रशने नळाखाली घासतो. कंटाळवाणं काम आहे. टाळू नका.

दुसऱ्या डावात खूर आणले. नुसत्या मांडीच्या हाडांत दाटपणा कुठून येणार? तो येतो कातडी, शिरा आणि सांध्यांतल्या कोलॅजनमधून, आणि खुरांत त्याशिवाय फारसं दुसरं काही नसतंच. संथ आचेवर त्याचं जिलेटिन होतं, आपल्या पाया सूपने ओठ चिकटतात तेच. हा डाव जमणार असं वाटत असताना रात्री दीडला लाइट गेली. पंधरा मिनिटांत आलीही. पण माझा कुकर डिजिटल बटणांचा. लाइट परत आली की तो शून्यावर येऊन गप्प बसतो. सकाळी सहाला थर्मामीटर घातला तर ४१ अंश. पाच ते साठ अंशांच्या मध्ये मांसाचा रस्सा तासन् तास राहिला की जंतूंची चंगळ, आणि नंतर उकळलं तरी त्यांनी केलेली सगळी विषं जात नाहीत. दोन किलो हाडं फेकली. कुकर घ्यायचा असेल तर साधा गोल खटक्याचा घ्या, लाइट आल्यावर तो आपोआप पुन्हा चालू होतो. मी आता रात्रीचा नाद सोडलाय, सकाळी सहाला लावतो.

तिसरा डाव निर्विघ्न पार पडला. रस्सा सोनेरी, नितळ, आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर असा थिजला की भांडं उलटं केलं तरी जागचा हलला नाही. चवीला उत्तम. पण मला हवा होता तोनकोत्सु, तो दुधासारखा पांढरा. ‘तोन’ म्हणजे डुक्कर, ‘कोत्सु’ म्हणजे हाड. जपानच्या क्युशू बेटावर कुरुमे गावात १९३७ साली एका गाड्यावर त्याची सुरुवात झाली असं मानतात. पुढे फुकुओकातल्या हाकाता भागाने तो गाजवला. तो पांढरा होतो तो खळखळ उकळल्यामुळे. उकळीच्या घुसळणीत चरबीचे बारीक बारीक कण होतात आणि जिलेटिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. माझा कुकर ‘हाय’वरही ९५-९६ अंशांच्या पुढे जात नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथे पाणी साधारण ९८ला उकळतं. म्हणजे दोन-तीन अंश कमी पडतात, आणि तेवढ्यासाठी चौदाचे चाळीस तास केले तरी रस्सा नितळच राहणार.

ताक करताना आपण घुसळून लोणी वेगळं काढतो. इथे उलट, स्निग्धांश पाण्यात असा मिसळायचा की तो वर येताच कामा नये. हे डोक्यात आल्यावर चौथ्या डावात गरम रस्सा मिक्सरला लावला. वाफेने झाकण उडालं, टपाच्या भिंतीवर अजून डाग आहे. जे उरलं ते पांढरं होतं, पण पाच मिनिटांत तेल वर. पाणी जास्त झालं होतं, मग जिलेटिन विरळ पडलं आणि चरबीला धरायला कोणी राहिलं नाही.

पाचव्यात कामं वाटून दिली. दोन खूर, एक किलो मांडीची हाडं, पाणी हाडं जेमतेम बुडतील इतकंच, कुकरात ‘लो’वर बारा तास. मग हाडांसकट सगळं पातेल्यात, शेगडी पूर्ण मोठी, पंचेचाळीस मिनिटं दणदणीत उकळी. मध्ये मध्ये लाकडी उलथन्याने हाडं ठेचत राहायचं. विसाव्या मिनिटाला रंग पालटायला लागला, आधी पाणी घातलेल्या चहासारखा, मग खिरीसारखा. गाळून हॅंड ब्लेंडर दोन मिनिटं फिरवला. वाटीत अर्धा तास ठेवून पाहिला, तेल सुटलं नाही. हाडांना कोलॅजन सोडायला वेळ लागतो, तो कुकर देतो. शेगडीने फक्त शेवटचा पाऊण तास पाहायचा. सगळं शेगडीवर केलं असतं तर सिलिंडर संपला असता.

रश्श्यात मीठ घालायचं नाही. मीठ असतं तारेत, म्हणजे वाटीच्या तळाशी आधी ओतायच्या खारट अर्कात. मिसळ खाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तर्री वेगळी, रस्सा वेगळा, फरसाण वेगळं, आणि वाटीत मांडण्याचा क्रम ठरलेला. माझी तारे: सोया सॉस, कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ), दोन सुके शिताके मशरूम आणि सुकी मांदेली. जपानी लोक यात सुके छोटे मासे घालतात, आपल्या बाजारात मांदेली मिळते, त्यासाठी परदेशी पाकीट कशाला? डोकं आणि पोट काढून टाका, नाहीतर कडवट लागते. कोम्बूला चव देणारं ग्लुटामेट जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदांनी १९०८ साली शोधलं, सुक्या माशाला चव देणारं इनोसिनेट त्यांचे शिष्य कोदामांनी १९१३ साली. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. तीनशे मिली रश्श्याला तीस मिली तारे.

मिरिन, म्हणजे स्वयंपाकात घालायची गोड जपानी वाइन, मिळत नाही म्हणून कोणी अडू नये. आपण द्राक्षांच्या गावात राहतो. इथली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन घातली, सोबत साखर थोडी चढी ठेवली. वाइन मिरिनपेक्षा आंबट, म्हणून साखरेत हात आखडू नका. याच मिश्रणात आलं, लसूण, पातीचा कांदा घालून पोटाच्या मांसाची दोऱ्याने बांधलेली वळकटी ‘हाय’वर तीन तास. हे काम मात्र कुकर झोपेतही करतो. कापायची दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर. गरम कापलीत तर चुरा.

आता नूडल्स. यात मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. मैदा २०० ग्रॅम, मीठ २, पाणी फक्त ८० मिली. हे पीठ मळलंच जात नाही, भुगा राहतो. जाड पिशवीत घालून पायाने तुडवावं लागतं. मी गच्चीवर सॉक्स घालून तुडवत होतो तेव्हा आई कुरडया वाळत घालायला वर आली.

“हे काय, पापडाचं पीठ कुटतोयस?”

“नाही गं, शेवया आहेत जपानी.”

तिने चिमूट तोंडात टाकली. “मग पापडखार का नाही घातलास? ताण कसा येणार याला?”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. महिनाभर मी जे ‘कान्सुई’ शोधत होतो ते हेच की! रामेनचा पिवळा रंग आणि चावताना लागणारा तो ताण क्षारामुळे येतो, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटमुळे. मैद्यातले रंगद्रव्याचे कण क्षारात पिवळे पडतात, अंडं घालावं लागत नाही. उडदाच्या पिठाला आई जे घालते तेच जपानी माणूस मैद्याला घालतो.

पहिल्यांदा पापडखार तीन ग्रॅम घातला. नूडल्स पिवळ्याधमक, ताण सुरेख, पण चव कडवट, साबणासारखी. दीड ग्रॅमवर जमलं. पुढचं पाकीट दुसऱ्या दुकानातलं, तेच माप, आणि नूडल्स पुन्हा पांढऱ्या. पाकिटावर आत काय किती आहे ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून आता खायचा सोडा ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर भाजतो. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून सोडियम कार्बोनेट उरतं. ५० ग्रॅमचे साडेएकतीसच्या आसपास भरले म्हणजे झालं. वजन जास्त भरलं तर अजून भाजा. कोरड्या डब्यात ठेवा, उघड्या हाताने चिवडू नका, त्वचेला चुरचुरतो. मैद्याच्या सव्वा टक्का, म्हणजे २०० ग्रॅमला अडीच ग्रॅम, पाण्यात विरघळवून. आईचं मत अजून हेच, की पापडखारालाच चांगला वास येतो. वासाबाबत ती बरोबर आहे.

वर ठेवायची अंडी उकडायला पुस्तकी साडेसहा मिनिटं मला कमी पडली, इथे सात लागतात. बाकी मसालेदार बांबू वगैरे मी सोडून दिलं. लासलगावचा कांदा चरबीत काळपट होईपर्यंत तळून ते तेल चमचाभर वरून सोडतो.

राहिलेल्या तक्रारी: नूडल्स जाड होतात, लाटण्याने दीड मिलिमीटरच्या खाली जात नाहीत, त्यामुळे हाकाताची ती बारीक सरळ तार अजून दूर आहे. आणि रस्सा तीनच वाट्या निघाला. येत्या रविवारी तीन खूर घेणार आहे. कॅम्पातल्या भाऊंना आठवणीने सांगायचंय की उभे चिरा. मागच्या वेळी त्यांनी आडवे तोडले आणि हाडाचे कण गाळताना दोन फडकी वाया गेली.