चुना लावलेली भिंत

आज चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय घेतला, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा वगैरे, आणि माझं डोकं गेलं थेट बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात. येशूचा प्रेषित पौल यहुद्यांच्या न्यायसभेपुढे उभा, मुख्य याजक हनन्या त्याच्या तोंडात मारायला सांगतो, पौल भडकून म्हणतो अरे चुना लावलेल्या भिंती (म्हणजे ढोंग्या), आणि समोर मुख्य याजकच आहे असं कळल्यावर लगेच निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायातला नियम स्वतःलाच लावतो, अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नये. मारायला सांगणाऱ्याचासुद्धा मान ठेवला, कमाल आहे ना!

पण प्रेषितांची कृत्ये ह्याच पुस्तकात 5व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र न्यायसभेला तोंडावर सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. हे वचन आमच्याकडे प्रवचनात फार कमी येतं बुवा, चर्च कमिटीच्या इलेक्शनच्या आसपास तर अजिबातच नाही 😄