आठवा राउंड

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज धाव पाच मिनिटं सत्तावीस सेकंदांत! वही उघडली तीच हे लिहायला.

शाळेच्या ग्राउंडवर टेपनं मोजून आम्ही फक्कीनं दोनशे मीटरचा राउंड आखलाय. सैन्याच्या अग्निवीर भरतीची धाव 1.6 किलोमीटर, म्हणजे आठ राउंड. साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पूर्ण 60 मार्क, त्यापुढं पाच पंचेचाळीसपर्यंत 48. गेल्या वर्षी भरतीच्या रॅलीत मी दुसऱ्या, म्हणजे 48 वाल्या ग्रुपमध्ये आलो, बीमही (आडव्या पाइपाला लटकून हनुवटी वर नेणं) सहाच निघाले आणि मेरिटला नाव लागलं नाही. ते बारा मार्क वर्षभर डोक्यातून गेले नाहीत.

दोन महिन्यांपूर्वीचं पान आत्ता उलटून बघितलं. पहिला राउंड 34 सेकंद, दुसरा 37, मग 41, 43, 45, 46, 47 आणि शेवटचा 46. एकूण 5:39. दम कमी पडतोय असंच मी धरून चाललो होतो. आमच्या आळीतले मेजर मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "दम हाय रं तुझ्यात. पयल्या दोन राउंडातच समदा उधळतोस."

साडेपाच मिनिटं भागिले आठ, म्हणजे राउंडला सव्वाएक्केचाळीस सेकंद. हा वेग सुरुवातीला इतका हळू वाटतो की पाय आपोआप पळायला बघतात. बाकीची पोरं पुढं निघून जातात, त्यांच्या पाठी दिसत राहतात, आणि तरी आपण हातातल्या घड्याळाकडं बघून स्वतःला आवरायचं. हे शिकायलाच मला सहा आठवडे लागले. आज पहिले तीन राउंड 41, मग दोन 42, पुन्हा दोन 41. सहाव्यात पुढची पोरं एकेक करून मागं पडायला लागली. आठवा 38 मध्ये आला, शिट्टी ऐकू आली तेव्हा पायांत अजून जोर होता.

रॅलीत मात्र गर्दीत पळायचंय. सुटतानाच धक्काबुक्की होते, मागं अडकलो तर वाट मिळत नाही. म्हणून पहिली पन्नास-साठ पावलं जोरात टाकून मोकळी जागा धरायची आणि मग वेगावर यायचं. उद्यापासून तेही करून बघणार.

आणखी एक बदल केलाय. आधी रोज जीव तोडून पळायचो, त्यानं नडग्या इतक्या ठणकायला लागल्या की जिना उतरता येईना. आता आठवड्यात दोनच दिवस जोरात, बाकी दिवस कॅनॉलच्या मातीच्या रस्त्यानं गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. नडग्या शांत आहेत.

बीम आठ झाले, म्हणजे 27 मार्क. दहाला 40, आणि मला ते सगळे पाहिजेत. आधी पाय झटकून वर जायचो, तसले मेजर मोजतच नाहीत. दोन कडुलिंबांच्या मधे बांधलेल्या पाइपाखाली स्टूल ठेवतो, उडी मारून हनुवटी पाइपाच्या वर नेतो आणि पाच आकडे मोजत हात सरळ होईपर्यंत खाली येतो. रोज असे पाच. वर चढायची ताकद या खाली येण्यातूनच आली.

आज नववा अर्ध्यात अडकला. हनुवटी पाइपापासून चार बोटं खाली होती आणि उजव्या तळव्यावरचा घट्टा सोलला. आईनं हळद लावलीय, म्हणून डाव्या हातानं लिहितोय. उद्या बीम नाही. परवा पुन्हा नववा.