उडी दिसते, हात हलत नाही

स्ट्रीट फायटर ६ या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये समोरच्याने उडी मारली की त्याला खाली येऊ द्यायचं नसतं, हवेतच ठोकायचं असतं. हा खेळ शिकवणारा कुणीही पहिल्याच दिवशी एवढं सांगतो. हिशेबही सोपा आहे. खेळ सेकंदाला ६० फ्रेम्सनी, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. उडी साधारण ४५ फ्रेम्सची, म्हणजे पाऊण सेकंदाची. काही दिसल्यावर बटण दाबायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. कागदावर वेळच वेळ आहे. तरी डायमंड या वरच्या पायरीवर पोचल्यावरही माझं व्हायचं ते असं: समोरचा उडी मारतोय हे लख्ख दिसायचं आणि त्याची लाथ डोक्यात बसेपर्यंत मी तिकीट काढून आल्यासारखी बघत बसायचे.

मला मास्टर व्हायचं होतं. या खेळात सुरुवात रुकीपासून. मग आयर्न, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, आणि पॉइंट २५,००० वर गेले की मास्टर. जिंकलं की पॉइंट चढतात, हरलं की उतरतात. मास्टरचं एक बरं आहे, एकदा झालं की त्या पात्रापुरतं ते पद कुणी काढून घेत नाही. त्याचे पैसे मिळत नाहीत, नावापुढे लावायचीही सोय नाही. पण हवं होतं. आपल्याला एखादी गोष्ट का हवी याची फार खोलात जाऊन चौकशी करू नये, ती नकोशी व्हायची भीती असते.

मी र्‍यू हे पात्र घेऊन खेळते. सरळमार्गी गडी. लांबून फायरबॉल टाकायचा, तो चुकवायला समोरचा उडी मारतो, तो वर आला की खालून शोर्युकेन: पुढे, खाली, तिरकं पुढे आणि पंच. अख्खा बेत या दोन भागांवर उभा आहे. गोल्डपर्यंत नुसत्या पहिल्या भागावर भागतं, कारण तिथे समोरचाही आपल्याच नादात असतो. त्यात एक बऱ्यापैकी कॉम्बो, म्हणजे जोडून मारायच्या फटक्यांची साखळी, पाठ असला की प्लॅटिनमही पार होतं. डायमंडमध्ये मात्र लोकांना तुमचा दुसरा भाग नसल्याचा वास येतो. दुसऱ्या राउंडपासून ते उड्याच मारत सुटतात.

अडकलेल्या माणसाला मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे 'खेळत राहा, आपोआप येईल'. माझं या सल्ल्याशी कधीच पटलं नाही. खेळत राहिलं की जे येतं ते पक्कं होतं, आणि मला जे येत होतं त्यात खाली बसून लाथा मारत राहणंही होतं. तेही छान पक्कं होत चाललं होतं.

त्यापेक्षा हरलेल्या मॅचचे रिप्ले बघणं उपयोगी. सुखाचं नाही, पण उपयोगी. रिप्लेमध्ये हवं तर आपण दाबलेल्या प्रत्येक बटणाची यादी पडद्यावर दिसते, आणि ही यादी भलतीच चहाडखोर असते. एका मॅचमध्ये समोरच्याचं पात्र केन होतं. उडी मारण्याआधी तो अर्धं पाऊल मागे सरकायचा. दर वेळी. चिठ्ठी पाठवून उडी मारल्यासारखाच प्रकार. त्या क्षणी माझ्या यादीत काय? खाली आणि मीडियम किक, खाली आणि मीडियम किक. म्हणजे हा आता चालत येईल आणि मी त्याचे पाय झोडपेन, या आशेवर मी बसलेली. पडून उठताना पंच, पंच, पंच. त्याने एकदा थांबून ते वाया घालवले आणि मग मला जी शिक्षा केली ती मी दोनदा मागे नेऊन पाहिली, कारण कॉम्बो खरंच देखणा होता.

रिप्ले हळू करून पाहिल्यावर लक्षात आलं की हातांचा काही दोष नाही. ज्या थोड्या वेळा मी उडीची वाट बघत होते, त्या वेळी शोर्युकेन नीट निघालं होतं. प्रश्न वाट कशाची बघायची हा होता. एकाच वेळी डोक्यात ठेवायच्या शक्यतांच्या या ढिगाला खेळणारे लोक मेंटल स्टॅक म्हणतात. समोरचा उडी मारेल, की ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा जोरदार फटका टाकेल? हा फटका यायला २६ फ्रेम्स लागतात, पण तो टाकणारा आपले दोन फटके अंगावर झेलून तसाच पुढे येतो. की ड्राइव्ह रश करून, म्हणजे झपकन धावून एकदम जवळ येईल, की नुसता चालत येऊन थ्रो करेल, म्हणजे धरून आपटेल? शिवाय या ड्राइव्ह चालींना लागणारा आपला साठा, म्हणजे ड्राइव्ह गेज, रिकामा होत नाही ना, याकडे एक डोळा. यातली एकेक गोष्ट एकटी आली तर कुणीही उत्तर देईल. ‘कुठलीही येऊ शकते’ म्हटलं की तोच पाव सेकंद कुठे जातो कळत नाही. तो फक्त एकाच गोष्टीची वाट बघणाऱ्या माणसाचा आकडा आहे.

इव्हो या मारामारीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेतला, २००४ सालचा, दाइगो उमेहारा या जपानी खेळाडूचा तो प्रसिद्ध क्षण या खेळातल्या सगळ्यांनी पाहिलेला असतो. थर्ड स्ट्राइक या याच मालिकेतल्या जुन्या खेळाची मॅच, दाइगोच्या केनमध्ये जीव कणभर उरलेला, इतका की हल्ला नुसता ब्लॉक केला तरी तो संपला असता. समोरून जस्टिन वाँगची चुन-ली सुपर, म्हणजे तिचा सगळ्यात मोठा हल्ला, सोडते, एकामागून एक १५ लाथा, आणि दाइगो त्या सगळ्या पॅरी करून, म्हणजे ऐन क्षणी जीव न घालवता परतवून, उलट मॅच जिंकतो. लोक त्याच्या हातांचं कौतुक करतात. पण त्यातला पहिला पॅरी नुसता बघून करायला वेळच नसतो, सुपर येणार हे आधी ताडावं लागतं. मला तो व्हिडिओ आवडतो तो त्या आधीच्या सेकंदासाठी. दोघेही लांब उभे, काहीच घडत नाहीये, आणि दाइगोने वाट कशाची बघायची ते ठरवून टाकलेलं आहे.

मग मी ट्रेनिंग मोडमध्ये बसले. तिथल्या डमीला, म्हणजे सरावासाठी उभ्या केलेल्या पात्राला, हालचाली रेकॉर्ड करून देता येतात. आधी फक्त उडी दिली. डमी उडी मारतोय, मी त्याला पाडतेय, असं बराच वेळ चाललं आणि मला आपण फार मोठ्या खेळाडू झाल्यासारखं वाटलं. मग उडीबरोबर ड्राइव्ह इम्पॅक्ट, चालत येणं आणि नुसतं जागच्या जागी मागेपुढे करणं दिलं, आणि यातलं काय करायचं ते त्याच्यावर सोडलं. मोठेपण तिथेच संपलं. काही न करणारा डमी सगळ्यात त्रासदायक होता, कारण तो नुसता हलला तरी माझं शोर्युकेन हवेत जायचं आणि मी खाली येईपर्यंत तो तसाच उभा.

रँक्ड, म्हणजे पॉइंटांच्या, मॅच खेळताना मी स्वतःला एकच काम दिलं: मॅच गेली तरी चालेल, उडी सुटता कामा नये. परिणामी थ्रो खाल्ले, इम्पॅक्ट खाल्ले, पॉइंट घसरले. समोरच्यांना वाटलं असेल, या बाईला उडीशिवाय जगात काही दिसत नाही. खरंच दिसत नव्हतं. पण काही काळाने उडी दिसली की बोट आपण न सांगता जायला लागलं, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत इम्पॅक्ट दिसायला लागला. मला वाटायचं सुधारणा म्हणजे डोक्यात आणखी काहीतरी भरणं. इथे उलट एकेक गोष्ट डोक्यातून काढून हातात द्यायची होती.

मास्टर झाले ती मॅच अगदीच सुमार होती. समोरच्याचा ड्राइव्ह गेज संपून तो बर्नआउटमध्ये गेला, कोपऱ्यात अडकला, संपला. पडद्यावर झगमगाट झाला. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला, कारण मास्टर झालं की मास्टर रेट नावाचा नवा आकडा मिळतो. सगळ्यांना सुरुवातीला १५००. पद जात नाही, हा आकडा मात्र जातो. माझा त्याच बैठकीत गेला.

आणि इथे कुणी उगाच उड्या मारत नाही. मारली तर मार बसेल हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, त्यामुळे इतक्या कष्टाने कमावलेलं शोर्युकेन बहुतेक मॅचेसमध्ये वापरायलाच मिळत नाही. लोक शांतपणे चालत जवळ येतात आणि थ्रो करतात. सध्या डमीला तेच रेकॉर्ड करून दिलंय.