त्या हशाचं काय करायचं

शनिवार, रात्री उशिरा

लोक हसले.

घरी येऊन साडी बदलली, भांडी घासली, उद्याची मटकी भिजत घातली, तरी डोक्यातून जात नाही. आपल्या भागातल्या बायकांवरचा, मी लिहिलेला कार्यक्रम आज झाला. बाकी सगळं नीट पार पडलं. पोरींचे संवाद चुकले नाहीत, माइक खरखरला नाही, प्रज्ञाने फौजदार झकास उभा केला. शेणोलीला तुफान सेनेने, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाने, रेल्वे अडवली त्या प्रवेशाला तर टाळ्याच टाळ्या. पण भवानीनगरचा प्रवेश सुरू झाला, 'नवऱ्याने' रूपालीला केसांना धरून ओढलं आणि सभागृहात हशा उठला. चांगला मोठ्याने. पहिल्या थपडेला हसले, दुसरीला हसले. रूपाली खाली कोसळली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आणखी एक ठेवून दे!" त्यावर बायकाही हसल्या.

आत्या पाणी प्यायचं म्हणून उठल्या, त्या थेट आभारप्रदर्शनाला परत आल्या.

प्रसंग काही मी रचलेला नाही. 1943 ते 46, साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध लोकांनी उभ्या केलेल्या प्रतिसरकारच्या दिवसांतला आहे. स्वातंत्र्यसैनिक हौसाताई पाटील तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या. भवानीनगरच्या ठाण्यातली हत्यारं हवी होती. समोरून चालून जायचं तर आपलीच माणसं जायची. म्हणून ठाण्याच्या दारात एक भांडण उभं केलं. नवरा बायकोला बडवतोय, ती बोंब मारतेय, नवऱ्याने मोठा दगड उचललाय, आता डोक्यात घालणार. पोलीस सोडवायला बाहेर धावले, आणि तेवढ्या वेळात बाकीचे आत शिरून बंदुका घेऊन पसार झाले. ती बायको म्हणजे हौसाताई. नवरा खोटा, आंदोलनातलाच एक सोबती.

यात हसण्यासारखं काय आहे? पोलीस फसले म्हणून हसले असते तर मीही हसले असते. पण हशा त्याच्या आधीच आला, थपडेला.

झोप येत नाही. ह्यांनी दिवा बंद कर म्हणून दोनदा सांगितलं.


रविवार, दुपार

सकाळीच वहिनींचा फोन. "अगं, किती मनाला लावून घेतेस! लोकांना करमणूक लागते. ती मारामारी काढ आणि गोव्याचा प्रवेश वाढव, तो किती छान आहे."

गोव्याचा छान आहेच. हौसाताईंनी पोर्तुगीजांच्या तुरुंगातल्या सोबत्याला सोडवायचं आणि परतताना रात्रीच्या काळोखात लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी नदी पार करायची. त्यात नदी आहे, काळोख आहे, धाडस आहे. तिथे कुणी हसणार नाही, उलट अंगावर काटा येईल. वहिनींचं म्हणणं सरळ आहे. पण मग भवानीनगर कुणी सांगायचं? ज्यावर लोक हसतात ते वगळत गेलं तर बायकांच्या गोष्टीत उरतं काय?

वाईट वाटतंय त्यात माझं स्वतःचंही काही आहे, ते लपवत नाही. दिवाळीपासून वाचतेय, टिपणं काढतेय, सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसतेय. काल निवेदनात अध्यक्षांचं नाव आलं, देणगीदारांचं आलं, मांडववाल्याचं आलं. लिहिलं कुणी, याचा उच्चार नाही. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "झालं का एकदाचं?" झालं म्हटलं. लेकीचा मेसेज आला तो फोटोत साडी छान दिसतेय म्हणून. एवढं करून कुणाला काय पडलंय, असं फार वाटलं. बाथरूममध्ये जाऊन थोडी रडलेही.

आणि हौसाताईंची ओळख काय करून दिली? 'क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या सुकन्या.' संपलं. लक्ष्मीबाई म्हणजे कर्मवीर भाऊराव अण्णांच्या पत्नी. वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने मोडले, मंगळसूत्रही विकलं, तरी ओळख तीच. मिरजेत जन्मलेल्या गायिका हिराबाई बडोदेकर म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी, मग तालीम वहीद खाँसाहेबांनी दिलेली असो. जाऊ दे. तो वेगळा विषय आहे, त्यात शिरले तर हातातलं राहील.

हातातलं म्हणजे तो हशा.

हसणारी माणसं वाईट नाहीत, म्हणून तर मला इतकं लागलं. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा ज्यांनी दूध आणि मेणबत्त्या पोचवल्या, तीच ही माणसं. मागच्या रांगेतून ओरडला तो पोरगा आजीला दर सोमवारी बसमध्ये बसवून देतो. यांच्यापैकी कुणी रस्त्यात बाईला मार बसताना बघून हसेल असं मला वाटत नाही. मग व्यासपीठावर का हसले?

विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली, आणि तेव्हापासून पोळ्या लाटतानाही तीच घोळतेय. भवानीनगरचं सोंग खपलं का? पोलीस म्हणजे काही दूधखुळे नव्हते. सारा मुलूख पेटलेला, रोज कुठे रेल्वे अडव, कुठे खजिना लूट, कुठे डाकबंगला जाळ. दारात काहीही वेगळं दिसलं असतं तर त्यांनी आधी बंदूक हातात घेतली असती. भजनी मंडळ आलं असतं तरी संशय घेतला असता. पण नवरा बायकोला मारतोय, यात वेगळं काय? ते इतकं रोजचं होतं की त्याच्यामागे काही बेत असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. हौसाताईंनी नेमकं असं सोंग घेतलं की ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

काल लोकांनीही दुसऱ्यांदा बघितलं नाही. नवरा, बायको, थप्पड. तमाशात बघितलंय, सिनेमात बघितलंय, लग्नाच्या वरातीत नकला करणारे करतात तेही बघितलंय. हसायची जागा म्हणून हसले.

आणि सोंग खोटं असलं तरी मार खरा होता. हौसाताईंनी नव्वदी ओलांडल्यावर पत्रकार पी. साईनाथांना हा प्रसंग सांगितला, तेव्हाही त्या सोबत्यावरचा त्यांचा राग गेला नव्हता. खरं वाटावं म्हणून त्याने फारच जोरात मारलं, ही तक्रार सत्तर वर्षांनंतरही ताजी. मला ती तक्रार फार आवडते. देशासाठी सोसलं वगैरे नाही, चक्क तक्रार. काल आमच्याकडे थपडेचा आवाज तबलजी काढत होता.


रविवार, रात्र

आत्यांना फोन केला. गुडघ्याचं बोलल्या, नव्या डॉक्टरचं बोलल्या, पावट्याच्या शेंगा पाठवते म्हणाल्या. कार्यक्रमाचं काढलं तर "चांगलं झालं की" एवढंच.

इंदूताई पाटणकरांचं टिपण काढून पुन्हा वाचलं. कासेगावच्या इंदूताई. बेचाळीसच्या लढ्यात उतरल्या, 1952 मध्ये नवऱ्याचा खून झाला, पदरात लहान मूल. त्या थांबल्या नाहीत. पुढे नवऱ्याने टाकलेल्या बायकांसाठी उभ्या राहिल्या, याच आपल्या भागात. म्हणजे हौसाताईंनी जिचं सोंग घेतलं ती बाई इथे घराघरात खरोखर होती. स्वातंत्र्य आल्यावरही होती, आणि तिची कड घेऊन इंदूताई सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिल्या. सून आली तीही तशीच. अमेरिकेतून महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला आलेली गेल ऑम्व्हेट, 1976 मध्ये भारत पाटणकरांशी लग्न करून कासेगावची झाली, 1983 मध्ये भारताची नागरिक झाली, आणि शेवटपर्यंत कासेगावातच राहिली. 2021 च्या 25 ऑगस्टला गेल गेल्या आणि 23 सप्टेंबरला हौसाताई. एका महिन्यात दोघी. त्या वेळी करोनाच्या बातम्यांत आम्हाला ते नीट कळलंही नाही.

आत्या इंदूताईंच्या त्या कामाच्या काळात कासेगावला जायच्या की नाही, हे घरात कधी कुणी बोललं नाही. त्यांचं रेशनकार्ड वेगळं झालं ते मला आठवतं. तेवढंच.

आणखी एक सुचलं. साताऱ्याच्या ॲड. वर्षाताई देशपांडे, ज्यांना 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. गर्भलिंग तपासणी करणारे डॉक्टर पकडायला त्यांनी काय केलं? गरोदर बायकांना गिऱ्हाईक बनवून दवाखान्यात पाठवलं. म्हणजे पुन्हा सोंगच! कायदा 1994 चा, पण तो कागदावर. डॉक्टर काही समोरच्याला सुखासुखी कबुली देणार नाही. मात्र पोटुशी बाई खाली मान घालून बसली की त्याला यात खोटं काही वाटत नाही, कारण तशा बायका त्याच्या बाकावर रोज बसतात. ज्या जिल्ह्यात 2011 मध्ये 'नकोशी' नावाच्या दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली, तिथे संशय यावा तरी कशाला? हौसाताईंच्या वेळी सातारा नि सांगली एकच जिल्हा होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचं सांगली झालं. सीमा बदलल्या, पण युक्ती तीच चालली. स्वतःच्या पोटात मूल असताना त्या दवाखान्यात जाऊन बसायचं, पुढे साक्षीला उभं राहायचं. त्या बायकांची नावं तर आपल्याला माहीतही नाहीत.

नाट्यपंढरी, नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो. 1843 मध्ये इथे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, ते खरंच. त्यातली सीताही पुरुषच होता, बाईला रंगभूमीवर जागा नव्हती. त्याच्या कितीतरी आधी मिरजेच्या संत वेणाबाईंनी सीतास्वयंवर काव्यात लिहून ठेवलं होतं, विधवा असून उभ्याने कीर्तन केलं होतं. आणि भाव्यांच्या त्या प्रयोगानंतर शंभरएक वर्षांनी, ना पडदा, ना दिवे, ना नांदी, भवानीनगरच्या रस्त्यावर एका पोरीने बायकोची भूमिका केली. प्रेक्षक बंदूकवाले. पाठ विसरला तर फाशीचीच भीती. सांगलीच्या रंगभूमीचा इतिहास सांगताना हा प्रयोग कुणी का धरत नाही? मी धरणार. पुढच्या वेळी निवेदनात हेच वाक्य घालणार.

लिहिता लिहिता जरा हलकं वाटलं. माझं नाव घेतलं नाही याचं दुपारी केवढं झालं होतं! हौसाताईंचं भवानीनगर लोकांपर्यंत पोचायला सत्तर वर्षं लागली, आणि तोवर त्या काही रुसून बसल्या नव्हत्या. 2018 मध्ये दिल्लीला शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, तेव्हा नव्वदीच्या हौसाताईंनी इथून पाठिंब्याचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. माझं काय, पुढचा प्रयोग आहेच. लोक पुन्हा हसतील, बहुतेक हसतीलच. हसू देत. हसले तरी तिथे बसून तर राहिले, उठून गेले नाहीत. बसलेल्या माणसाला दाखवता येतं.


सोमवार, संध्याकाळ

प्रज्ञा आली होती, फौजदाराची टोपी परत द्यायला. तिला सगळं सांगितलं. तिने वहीच्या मागच्या पानावर व्यासपीठ काढलं. ठाणं मागे, भांडण पुढे, बंदुका नेणारे दोघे पार मागच्या अंधारात. म्हणाली, "मावशी, आपण लोकांना पोलिसांच्या जागी बसवलंय. पोलिसांना जे दिसत होतं तेवढंच त्यांना दिसलं. ते पण फसले."

मी बघतच राहिले. दोन दिवस मी ज्याच्याभोवती फिरतेय ते या पोरीने पेन्सिलीच्या चार रेघांत मांडलं.

मग दोघींनी बसून उलटं करून बघितलं. ठाण्याचं दार पुढे आणायचं, डाव्या हाताला. आत भिंतीला बंदुका टेकवलेल्या, लोकांना स्वच्छ दिसतील अशा. भांडण उजव्या कोपऱ्यात, थोडं मागे. पोलीस बाहेर पडले की रूपाली मार खाता खाता दाराकडे बघते, एकदा, दोनदा. आतल्यांचं आवरलं नाही असं दिसलं की आणखी मोठ्याने बोंब मारते, आणखी मार ओढवून घेते. तिचं ते बघणं लोकांना दिसलं पाहिजे. तबला काढून टाकायचा. आवाज रूपालीचाच.

प्रज्ञा म्हणाली, तरीही कुणी हसलं तर? मी म्हटलं, पहिल्या थपडेला हसतील. पुढचं बघू.

तिला मटकीची उसळ डब्यात भरून दिली. टोपी तिला मोठी होते, आतून कापडाची पट्टी शिवायला ठेवून घेतली आहे. आत्यांना विचारायचंय, त्या काळात बोंब मारायच्या ती कशी, नुसती ओरड की त्यात शब्द असायचे. त्यांना माहीत असेल. त्या सांगतील का, ते उद्या फोन केल्यावर कळेल.