तुमचं ग्राउंड कधी?

दुपारी जेवून पंख्याखाली आडवं झालं की माझ्याइतका कडक धावपटू अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. उद्या पाचला उठायचं, कॅनॉलपर्यंत पळत जाऊन यायचं, चहासुद्धा बिनसाखरेचा. आज गॅलरीत वाळत घातलेल्या बुटांकडे लक्ष गेलं आणि पुन्हा तेच ठरलं. अडचण एवढीच, की ठरवणारा हा दुपारचा आणि पांघरुणातून पाय बाहेर काढणारा पहाटेचा. त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून मी रात्रीच त्याची कोंडी करून ठेवतो. गजर लावलेला मोबाइल स्वयंपाकघरात, बूट दाराशी, मोजे बुटांत. पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ सांगतात, नुसतं 'रोज पळेन' म्हणू नका. 'अमुक झालं की तमुक करेन' असं ठरवा. आमच्या आजीचं 'दात घासले की तुळशीला पाणी' याच चालीवर चालायचं. आणि ते २१ दिवसांत सवय लागण्याचं व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ते सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर नजर ठेवली, तर मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८, कुणाला थेट २५४. मी शेवटच्या बाकावरचा. एखादा दिवस बुडाला तरी फारसं बिघडत नाही, हा त्यातला निष्कर्ष तेवढा मला पाठ आहे.

खरं तर पळणं म्हणजे शिक्षा, हे अंगात शाळेपासून मुरलंय. गृहपाठ नाही, मैदानाला फेऱ्या. नखं वाढली, फेऱ्या. पीटीचे सर तोंडातली शिट्टी न काढताच ओरडायचे. आमच्यातला एक मधल्या फेऱ्यांना लिंबामागे बसून राहायचा आणि शेवटच्या फेरीला नळाचं पाणी कपाळाला लावून घामाघूम होऊन सामील व्हायचा. सगळ्यात जास्त शाबासकी त्यालाच.

आता पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत, म्हणजे त्यांच्या भाषेत 'ग्राउंड'ला, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्यांना मनाची समजूत घालावी लागत नाही. सेकंदासेकंदाला मार्क आहेत. परवा त्यातल्या एकाने धापा टाकत विचारलं, "काका, तुमचं ग्राउंड कधी?"

काय सांगणार? "शुगर," म्हणालो.

शुगर मला नाही. पण पोराच्या चेहऱ्यावर असा काही आदर आला, की खुलासा करवेना. आता एक दिवस दिसलो नाही, तर दुसऱ्या दिवशी तो काळजीने बघतो. "काका, किती आली?" म्हणतो. मी गेल्या वेळेपेक्षा थोडी कमी सांगतो.